फंडाचे क्रमांक कोणाचे?



‘फंड’ हा शब्द आपल्या नोकरदार घरांत इतका रुळला आहे कीं, तो परक्या भाषेंतून आला याची आठवणहि कोणाला राहिलेली नाहीं. मुलीच्या लग्नाला फंड काढला, घराचा स्लॅब फंडांतून पडला, नोकरी सुटली तेव्हां सहा महिने फंडावर निभावले, अशीं वाक्यें रामदासपेठेपासून महालापर्यंत कोणत्याहि घरांत ऐकावयास मिळतात. परंतु त्याच घरांतील पगारपत्रक हातीं घेऊन, “यावर हे जे लांबलचक क्रमांक छापले आहेत ते कोणाचे?” असें विचारलें, तर बहुधा नीट उत्तर मिळत नाहीं. एक कंपनीचा असावा, एक सरकारचा असावा, एक आपला असावा, एवढ्यावर गृहस्थ थांबतो. खरी अडचण येथेंच आहे. फंडाच्या व्यवहारांत पैसा कोणाच्या नांवें आहे हें या क्रमांकांवरूनच ठरतें. क्रमांक चुकला म्हणजे पैसा एकदम बुडतो असें नव्हे. परंतु तो वर्षानुवर्षें अडकून पडतो, किंवा त्याचा पांचवा हिस्सा करापोटीं कापला जाऊन परत मिळविणें दुर्घट होतें.

नागपूरच्या माणसाला हा विषय मुळांत परका नाहीं. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं याच शहरांत सुरू झाली, आणि बेझनजी मेहता यांच्या देखरेखीखालीं चाललेल्या त्या गिरणींत १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला. १८९५ पासून अपघाताची भरपाईहि देण्यांत येऊं लागली. कामगाराच्या म्हातारपणाची तजवीज मालकानें करावी असा कायदा त्या वेळीं हिंदुस्थानांत नव्हता. गिरणी आज चालत नाहीं. पण नोकरी देणाऱ्यानें नोकराच्या उतारवयासाठीं पैसा बाजूला ठेवावा ही कल्पना आपल्या शहरांत किती जुनी आहे, हें त्यावरून दिसतें. अशा निधींत क्रमांकाचें प्रयोजन फारसें नसे. गिरणी एक, वही एक, आणि वहींतील माणूस गिरणीच्या ओळखीचा. जो माणूस जन्मभर एकाच फाटकांतून आंत जातो त्याला नांव पुरतें.

पुढें कायदे आले. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यानें सरकारी व तत्सम निधींतील रकमेला सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण दिलें. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत १९२९ सालीं एक नवें प्रकरण घालण्यांत आलें, आणि खासगी मालकांनीं काढलेल्या निधींना प्राप्तिकर खात्याची मान्यता मिळाली तर करांत सवलत, अशी व्यवस्था झाली. स्वातंत्र्यानंतर १५ नोव्हेंबर १९५१ रोजीं वटहुकूम निघाला व त्याची जागा १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधि कायद्यानें घेतली. आरंभीं तो केवळ सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी माल, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. वर्गणी रुपयास एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के होती. ती वाढत वाढत सर्वसाधारणपणें बारा टक्क्यांवर आली. उद्योगांची यादीहि वाढत गेली. गिरणीचा कायदा म्हणून जन्मलेला हा कायदा कालांतरानें इस्पितळें, शाळा, हॉटेलें, दुकानें आणि कचेऱ्या यांच्या दारांत येऊन पोहोंचला. रामदासपेठेंत व शेजारच्या धंतोलींत एकेका गल्लींत जितकीं इस्पितळें आहेत तितक्या गिरण्या साऱ्या नागपुरांत कधीं नव्हत्या. आणि तेथील परिचारिका, औषधविक्रेता, लिफ्टवाला हे आज या इस्पितळांत, तर दोन वर्षांनीं समोरच्या इस्पितळांत. माणूस असा फिरता झाला, तेव्हां नांव पुरेनासें झालें.

आतां क्रमांकांकडे वळूं. पण त्यापूर्वीं एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. फंडाच्या प्रत्येक व्यवहारांत तीन निरनिराळ्या व्यक्ति असतात. एक मालक, मग तो डॉक्टर असो, भागीदारी असो वा मर्यादित कंपनी. दुसरा नोकर. आणि तिसरा स्वतः निधि. हा तिसरा गडी दिसत नाहीं, म्हणून लोक त्याला विसरतात. निधि म्हणजे मालकाच्या तिजोरींतील एक कप्पा नव्हे. ती वेगळी मालमत्ता आहे, तिचे विश्वस्त वेगळे आहेत, आणि मालकाचें दिवाळें निघालें तरी त्याच्या सावकारांना तिच्यावर हात टाकतां येत नाहीं. कायद्यानें ज्याला वेगळी व्यक्ति मानलें आहे, त्याला क्रमांकहि वेगळाच हवा.

बहुसंख्य आस्थापनांत हा तिसरा गडी म्हणजे केंद्र सरकारची कर्मचारी भविष्यनिर्वाह निधि संघटना होय. वर्गणी थेट तिच्याकडे जाते. पण कांहीं मोठ्या कंपन्यांना कायद्यानें सूट दिलेली असते, आणि त्या स्वतःचा न्यास स्थापून आपल्या नोकरांचा निधि आपणच सांभाळतात. अशा न्यासाला दोन दारें ओलांडावीं लागतात. निधि संघटनेच्या बाजूनें सूट, आणि प्राप्तिकर खात्याच्या बाजूनें मान्यता. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळालीच, असें नाहीं.

या न्यासाचा स्थायी खाते क्रमांक, ज्याला आपण पॅन म्हणतो, तो कंपनीच्या पॅनहून स्वतंत्र असतो. पॅनचीं दहा अक्षरें कशीं वाचावींत हें पुष्कळांना ठाऊक नसतें, म्हणून थोडें सांगतों. आरंभीं पांच इंग्रजी अक्षरें, मग चार अंक, शेवटीं एक अक्षर. पहिलीं तीन अक्षरें अनुक्रमाचीं; त्यांत अर्थ शोधूं नये. चौथें अक्षर मात्र फार बोलकें आहे. तें ‘पी’ असेल तर क्रमांक जिवंत माणसाचा, ‘सी’ असेल तर कंपनीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारीचा, ‘एच’ असेल तर हिंदु अविभक्त कुटुंबाचा, आणि ‘टी’ असेल तर न्यासाचा. पांचवें अक्षर माणसाच्या बाबतींत आडनांवाचें आद्याक्षर, आणि संस्थेच्या बाबतींत संस्थेच्या नांवाचें. आतां गंमत अशी कीं, न्यासाचें नांव बहुधा कंपनीच्या नांवानेंच सुरू होतें. त्यामुळें दोन्ही पॅनचें पांचवें अक्षर एकच दिसतें, आणि घाईंत पाहणाऱ्याला ते दोन क्रमांक सख्खे भाऊ वाटतात. फरक ओळखावयाचा तो चौथ्या अक्षरावरून.

हा फरक न ओळखल्यानें काय होतें तें पाहा. न्यासानें बँकेंत मुदत ठेव ठेविली; खातें उघडतांना कारकुनानें सवयीनें कंपनीचाच पॅन लिहिला. वर्षअखेरीस बँक त्या ठेवीचें व्याज कंपनीच्या पॅनवर नोंदविते. मान्यताप्राप्त निधीच्या विश्वस्तांचें उत्पन्न कायद्यानें करमुक्त आहे. कंपनीचें उत्पन्न करपात्र आहे. म्हणजे केवळ एका क्रमांकामुळें नोकरांचें करमुक्त व्याज मालकाचें करपात्र उत्पन्न होऊन बसतें. कापलेला कर कंपनीच्या नांवें जमा होतो, परतावा आला तर कंपनीला येतो, आणि न्यासाच्या वहींत तेवढा खड्डा राहतो. मालक प्रामाणिक असेल तर हिशेबनीस चार महिने पत्रव्यवहार करून तो भरून काढील. मालक अडचणींत असेल तर? आणि पॅन मुळींच दिला नाहीं तर बँक चढ्या दरानें कर कापावयास मोकळी होते. वास्तविक ज्या निधीचें उत्पन्न विनाअट करमुक्त आहे त्याच्या व्याजांतून कपात करूं नये, असें केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें २०१७ सालीं परिपत्रक काढून स्पष्ट केलें आहे. परंतु ती सूट मागावयाची तर न्यासाची स्वतंत्र ओळख आधीं सिद्ध पाहिजे.

हीच गोष्ट सातासमुद्रांपलीकडेहि आहे. आपलीं कित्येक मराठी मुलें अमेरिकेंत नोकरी करितात व तेथील ‘चारशे एक के’ नांवाच्या निवृत्ति योजनेंत पैसे घालतात. तेथें मालकाला नऊ अंकी ओळख क्रमांक असतो. योजनेच्या न्यासानें आपला वेगळा क्रमांक घ्यावयाचा असतो. आणि एकाच मालकाच्या अनेक योजना ओळखतां याव्यात म्हणून प्रत्येक निवृत्ति योजनेला ००१ पासून पुढें तीन अंकी क्रमांक देतात. वार्षिक विवरणपत्रांत मालकाचा क्रमांक व योजनेचा क्रमांक जोडीनें लिहावा लागतो. छोट्या दवाखान्याच्या मालकानें तेथेंहि न्यासाच्या खात्यावर स्वतःचाच क्रमांक लिहावा, आणि मग तें निस्तरतांना हैराण व्हावें, हें नित्याचें आहे. देश बदलला तरी कारकून बदलत नाहीं!

पॅनच्या जोडीला टॅन म्हणून दुसरा एक दहा अक्षरी क्रमांक आहे. जो कोणी दुसऱ्याच्या पैशांतून कर कापतो, त्याला हा घ्यावा लागतो. यांत आधीं चार अक्षरें, मग पांच अंक, शेवटीं एक अक्षर. पहिलीं तीन अक्षरें गांव सांगतात. नागपूरच्या टॅनवर ‘एनजीपी’ असतें. पगारांतून कर कापणारी कंपनी आपला टॅन वापरते. पण निधींतून पैसे देतांना कर कापावयाचा तो विश्वस्तांनीं; म्हणून स्वतःचा निधि सांभाळणाऱ्या न्यासाला पॅनप्रमाणें टॅनहि स्वतंत्र हवा.

ज्यांचा निधि सरकारी संघटनेकडे आहे त्यांच्या मालकाला एक आस्थापना संकेतांक मिळतो. नागपूर विभागाच्या संकेतांकाचा आरंभ ‘एनजी’ व ‘एनएजी’ या अक्षरांनीं होतो. पुढें आस्थापनेचे सात अंक, मग शाखेसाठीं तीन स्थानें. त्याला नोकराचे सात अंक जोडले म्हणजे त्या नोकराचा सभासद क्रमांक तयार होतो. हा सभासद क्रमांक नोकरीबरोबर जन्मतो व नोकरीबरोबर संपतो. चार इस्पितळें पालटलेल्या परिचारिकेचे चार सभासद क्रमांक असावयाचेच. हे विखुरलेले क्रमांक एका दोऱ्यांत ओवण्यासाठीं २०१४ सालीं बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, सुरू झाला. तो माणसाचा आहे, नोकरीचा नाहीं. नवी नोकरी लागतांच तो नव्या मालकाला सांगावयाचा. पूर्वीं न सांगितल्यास कचेरींतील मंडळी नवाच यूएएन काढून मोकळी होत असत, आणि एका माणसाचे दोन माणूस होत असत.

आतां कराचा आणि या क्रमांकांचा संबंध कोठें येतो तें एका उदाहरणानें सांगतों. समजा, एक परिचारिका रामदासपेठेंतील एका इस्पितळांत दोन वर्षें नऊ महिने होती; पुढें वर्धा मार्गावरील दुसऱ्या इस्पितळांत अडीच वर्षें राहिली आणि नंतर घरच्या कारणानें तिनें नोकरी सोडली. कायदा असा कीं, सलग पांच वर्षें नोकरी झाली असल्यास निधीची रक्कम करमुक्त. त्याआधीं काढल्यास करपात्र. पहिल्या इस्पितळाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यांत वर्ग करून घेतली असेल, तर पहिली नोकरीहि हिशेबांत धरली जाते. मग तिचीं सव्वापांच वर्षें भरतात व कराचा प्रश्नच मिटतो. रक्कम वर्ग केली नसेल, तर दुसऱ्या नोकरीचीं केवळ अडीच वर्षें मोजलीं जातील. यूएएन एकच आहे म्हणून दोन्ही खातीं आपोआप एक झालीं असें मात्र कोणी समजूं नये. पासबुक उघडून डोळ्यांनीं पाहावें. आजारपण, मालकाचा धंदा बंद पडणें किंवा नोकराच्या हातीं नसलेलें अन्य कारण, यांमुळें नोकरी सुटली असेल तर पांच वर्षांची अट आड येत नाहीं. आपल्याकडे गिरण्या व कारखाने बंद पडले तेव्हां ही सवलत फार मोलाची होती, आणि पुष्कळांना ती माहीतहि नव्हती.

मुदतीपूर्वीं काढलेल्या रकमेंतून जागच्या जागीं कर कापण्याची रीत १ जून २०१५ पासून आहे. आरंभीं मर्यादा ३०,००० रुपयांची होती. २०१६ सालीं ती ५०,००० झाली. पॅन दिला असेल तर कपात दहा टक्के. पॅन नसेल तर पूर्वीं सर्वांत वरच्या दरानें, म्हणजे तीस टक्क्यांहूनहि अधिक कपात होत असे. १ एप्रिल २०२३ पासून हा दर वीस टक्के करण्यांत आला. आमच्या परिचारिकेची रक्कम १,४०,००० रुपये धरली, तर पॅन असतां १४,००० व नसतां २८,००० रुपये कापले जातील. तिचें एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखालीं असल्यास तसें घोषणापत्र देऊन ही कपात टाळतां येते. पण पॅन नसलेलें घोषणापत्रहि ग्राह्य धरीत नाहींत.

दुप्पट कपात झाली, एवढ्यावर गोष्ट संपत नाहीं. पॅन असणाऱ्याचा कापलेला कर त्याच्या पॅनवर नोंदला जातो; त्यानें विवरणपत्र भरलें कीं जास्त गेलेला भाग परत येतो. पॅन नसणाऱ्याचा कर सरकारी तिजोरींत जातो खरा, परंतु तेथें तो ‘पॅन उपलब्ध नाहीं’ या एकाच शेऱ्याखालीं असंख्य अनोळखी लोकांच्या पैशांत मिसळतो. ज्यांचें उत्पन्न करपात्र मर्यादेच्या जवळपासहि नाहीं, अशा गरीब नोकरांच्याच वांट्याला हा प्रकार अधिक येतो. कारण सुखवस्तु माणसाकडे पॅन असतोच. कायद्याचा हेतु तसा नसेल, पण परिणाम तसा होतो, हें बोलून दाखविणें मला आवश्यक वाटतें.

यापुढचा अडथळा नांवाचा. आपल्या मराठी नांवाचे तीन तुकडे, आणि लग्नानंतर स्त्रीचे त्यांतील दोन बदलतात. कांहीं घरांत तिन्ही. आधार पत्रावर सासरचें नांव, पॅनवर माहेरचें, यूएएनमध्यें अर्धें हें अर्धें तें, बँकेंत नुसतीं आद्याक्षरें, अशी स्थिति घरोघर सांपडते. संगणकाला सासर-माहेर कळत नाहीं. त्याला अक्षरें जुळलीं पाहिजेत. पॅन व आधार यांची जोडणी ३० जून २०२३ पर्यंत ज्यांनीं केली नाहीं त्यांचे पॅन, सवलत मिळालेले कांहीं वर्ग सोडून, १ जुलैपासून निष्क्रिय झाले. आणि निष्क्रिय पॅन हा कपातीच्या कामीं नसल्यासारखाच. निधि संघटनेंतील नांव दुरुस्त करावयाचें असेल तर नोकर व मालक यांच्या संयुक्त घोषणेची सोय आहे. तें काम नोकरींत असतांना करावें. इस्पितळ बंद पडल्यावर किंवा मालकाशीं बोलणें तुटल्यावर तीच सही आणणें फार कठीण जातें.

येथें पुष्कळ भगिनींना एक शंका पडते. लग्नापूर्वीं देशपांडे असतांना पॅन काढला, म्हणून पांचवें अक्षर ‘डी’. आतां आडनांव कुळकर्णी झालें, तर ‘के’ असलेला नवा पॅन काढावा काय? मुळींच नाहीं. नांव बदलतें, पत्रिका नवी मिळते, परंतु क्रमांक आजन्म तोच राहतो आणि पांचवें अक्षर माहेरचेंच राहतें. दुसरा पॅन घेणें हा अपराध असून १९६१ च्या कायद्यानें त्याला १०,००० रुपये दंड ठेविला होता. सासरीं सर्व कांहीं बदललें तरी प्राप्तिकर खात्यानें माहेरची एवढी एक खूण जपून ठेविली आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, आणि कांहीं कंपन्यांचा स्वतंत्र निवृत्तिवेतन निधि, यांनाहि वरील न्यासाचे सर्व नियम लागू पडतात. तीन निधि असतील तर तीन न्यास व तीन पॅन; एकाच्या पॅनवर तिघांचा संसार करूं नये. ज्यांची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाख रुपयांहून अधिक आहे त्यांच्या जादा वर्गणीवरील व्याज १ एप्रिल २०२१ पासून करपात्र झालें आहे, आणि त्यासाठीं निधीला एकाच सभासदाचीं करपात्र व करमुक्त अशीं दोन पोटखातीं ठेवावीं लागतात. असे सभासद थोडे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं.

कायद्यांचीं नांवें मात्र सध्यां पालटत आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याच्या आरंभाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. जुन्यांतील चौथ्या परिशिष्टांत असलेले मान्यताप्राप्त निधींचे नियम नव्यांत अकराव्या परिशिष्टांत गेले आहेत. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आणण्यांत आली. कलमांचे आंकडे पाठ केलेल्या हिशेबनिसांना यामुळें पुन्हा शाळेंत बसावें लागेल. आणि प्राप्तिकर अधिकाऱ्यांची शाळा, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी, तर आपल्याच शहरांत छिंदवाडा मार्गावर आहे. पॅन, टॅन व यूएएन यांचे पूर्वीं मिळालेले क्रमांक मात्र कायद्यांचीं नांवें पालटल्यानें बदलत नाहींत.

कचेऱ्या दोन आहेत व त्यांचा आपसांत घोटाळा करूं नये. निधीचें काम भविष्य निधि भवनांत, रघुजीनगराकडे. कराचें काम आयकर भवनांत, सिव्हिल लाइन्सकडे. पहिल्या ठिकाणीं जातांना यूएएन व सभासद क्रमांक लिहून न्यावा, दुसऱ्या ठिकाणीं पॅन आणि ज्यानें कर कापला त्याचा टॅन. स्वतःचा न्यास असलेल्या कंपनींतील नोकरानें कर कापल्याचा दाखला हातीं येतांच त्यावरील टॅन पाहावा. तो कंपनीचा निघाला, तर विश्वस्तांकडे त्याच आठवड्यांत लेखी विचारणा करावी.